पिंपातली रम आणि अंगणातली ज्वारी



गेल्या दिवाळीनंतर कामासाठी मुंबईला गेलो होतो. लालबागला माझे मोठे मामा राहतात. वऱ्हाडातली माणसे गिरणगावात तशी थोडी. चाळी भरल्या त्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी. पण मामा १९७४ साली गेले, गिरणीत लागले आणि तिथलेच झाले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या नातवाला चांगली नोकरी आहे. त्याने आजोबांसाठी बाटली आणली होती, सोनेरी रमची. मी ती उजेडात धरून पाहिली. रंग नेमका आपल्या काकवीचा, कढईतून नुकती काढलेली आणि अजून काळी न पडलेली काकवी असते ना, तसा.

मामा म्हणाले, ‘‘ही कसली रम? रम काळी असते. मिलिटरीवाल्याकडची.’’

बरोबरच आहे. आपल्याकडे रम म्हणजे कॅन्टीनची रम. गावात एखादा निवृत्त फौजी असला की त्याच्या कोट्यातल्या बाटलीवर चार जणांचा डोळा. ती अंगाला चोळल्याने सर्दी जाते असेही म्हणतात (जात नाही). तरी नातवाने आणलेल्या बाटलीवरून आमची जी बोलणी निघाली ती रात्री बारापर्यंत चालली, आणि त्यातला निम्मा विषय तुमच्या-माझ्या ज्वारीचा आणि कापसाचा होता. म्हणून हा लेख. दारूवर लेख लिहितो म्हणून कुणी रागावू नये. ज्या मायबहिणींनी गावातली दुकाने बंद पाडायला मतदान घडवून आणले त्यांच्या बाजूनेच मी आहे. पण पिणे वाईट की चांगले एवढ्यावर बोलून आपण गप्प बसतो आणि दारूतला पैसा कुठून निघतो, कुठे जातो, हे पाहायचे राहून जाते.

रम होते उसापासून, म्हणजे बहुतांशी मळीपासून. कारखान्यात रस आटवून साखरेचे दाणे काढून घेतले, पुन्हा आटवले, पुन्हा काढले, आणि शेवटी साखर काही केल्या निघेना असा जो काळा चिकट राब उरतो ती मळी. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो निघते. तिच्यात पाणी घालायचे, यीस्ट सोडायचे. दीड-दोन दिवसांत ती फसफसून सात-आठ टक्के अल्कोहोलची होते. मोहफुलाचा सडवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मग उकळून वाफ थंड करायची. उंच मनोऱ्यासारख्या यंत्रातून काढली तर ९६ टक्के शुद्ध मद्यार्क येतो, पण त्याला ना वास ना चव. तो उसाचा की मक्याचा हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या भांड्यातून काढली तर अर्क कमी शुद्ध निघतो, आणि त्या अशुद्धीतच चव असते. आमच्या शास्त्रात तिला एस्टर म्हणतात. पिकलेल्या केळ्याचा, अननसाचा वास येतो तो त्याच घराण्यातला. जमैकात तर सडवा मुद्दाम जास्त दिवस ठेवतात, आधीच्या भट्टीतला आंबलेला गाळ त्यात टाकतात. वास इतका तीव्र होतो की थोडीशी रम दुसऱ्या पिंपभर रमला पुरते.

भट्टीतून निघते तेव्हा रम पाण्यासारखी पांढरी असते. सोनेरी रंग लाकडाचा. ओकच्या लाकडाची, सुमारे २०० लिटरची पिंपे असतात. बहुतेक अमेरिकेत एकदा व्हिस्कीसाठी वापरलेली, आतून जाळून कोळसा केलेली. दारू त्या लाकडात शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते. लाकडातले लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होते, ज्याचा वास आपण आइस्क्रीममध्ये घेतो. लाकडातल्या दुसऱ्या घटकांची भाजल्यावर साखर झालेली असते, तिची करपट गोडी उतरते. टॅनिनचा तुरटपणा येतो, हिरडा चघळल्यावर येतो तसा, पण पुसट. कोळसा कच्च्या दारूतला गंधकाचा वास शोषून घेतो. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत जाते आणि तिखटपणा वर्षा-वर्षाने मऊ होतो. आमची आजी लोणच्याची बरणी वर्षभर हलवू देत नसे. म्हणायची, मुरू दे. हे तेच.

मामांच्या वाटीतली (चाळीत त्या दिवशी पेले कमी होते) मी चाखली. आधी भाजलेल्या गुळाचा वास, मग खारकेचा, मनुकेचा, मागाहून जायफळासारखे काहीतरी, आणि घशाखाली गेल्यावर ओल्या लाकडाचा तुरटपणा. जळजळ नाही. मामांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘‘चांगली आहे. पण हिच्यात पाणी घालायला जीव होत नाही, म्हणजे बाटली लवकर संपणार.’’

एक सावधगिरी. बाटली सोनेरी दिसली म्हणजे रम मुरलेलीच असेल असे नाही. जाळलेल्या साखरेचा रंग घालून काल काढलेला मद्यार्क आज सोनेरी करता येतो, आणि सर्रास करतात. काळ्या रमचा काळेपणा तर बहुतेक त्याच रंगाचा. उलट मुरवलेली रम कोळशातून गाळून पुन्हा पांढरी करण्याची युक्तीही जुनीच आहे. क्यूबात सांतियागो गावी १८६२ साली बाकार्दी घराण्याने धंदा सुरू केला, तो अशा हलक्या गाळीव रमवरच मोठा झाला. म्हणून रंगापेक्षा लेबल वाचावे.

आता आपल्या देशातली गोष्ट. कसौलीच्या डोंगरात इंग्रजांच्या काळात एडवर्ड डायर याने दारूचा कारखाना काढला. जालियनवाला बागेत गोळ्या घालणाऱ्या जनरल डायरचा हा बाप. स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या सुमारास, नरेंद्रनाथ मोहन यांनी ती कंपनी घेतली आणि १९५४ च्या डिसेंबरात ‘ओल्ड मंक’ बाजारात आली. सात वर्षे मुरवलेली म्हणून तिची ख्याती. कपिल मोहन यांनी ती वाढवली. ते २०१८ च्या जानेवारीत वारले. जाहिरात जवळजवळ नाहीच, तरी गल्लीबोळात पोचली. तिच्यावर ४२.८ टक्के असे छापलेले असते, तो आकडा तरी कुठला? इंग्रजांचे माप होते: ५७ टक्क्यांच्या आसपासची दारू म्हणजे शंभर नंबरी. त्यातून पंचवीस वजा केले की ४२.८. साहेब गेला, त्याची आणेवारी राहिली. आता हरयाणातल्या इंद्री गावच्या पिकॅडिली कंपनीने मळी सोडून थेट उसाच्या रसाची बारा वर्षे मुरवलेली ‘कामिकारा’ २०२२ साली आणली. गोव्यात ‘माका झाय’ निघाली, तिच्यातही एक सोनेरी आहे.

मुरवण्यात जातात मात्र खूप पैसे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली दारू वर्षाला दोनेक टक्के उडून जाते. आपल्या उन्हाळ्यात आठ ते बारा टक्के. दहा टक्के धरा आणि गणित करा: २०० लिटरचे पिंप सात वर्षांनी उघडले तर शंभर लिटरही भरत नाही. बारा वर्षांनी साठ लिटरही नाही. उष्णतेमुळे आपली रम लवकर मुरते खरी, पण कुणाला तरी इतकी वर्षे भांडवल अडकवून, निम्मा माल हवेत सोडून, स्वस्थ बसावे लागते. जो बसू शकतो त्याला बाजार किंमत देतो.

इथे मला मामांच्या घरात बसून आपले अंगण दिसत होते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी लोकांनी त्याच आशेने घरात भरून ठेवला. पोरांच्या अंगाला खाज सुटली, कापूस पिवळा पडला, घरात दिवा लावायची भीती, आणि शेवटी सात-आठ हजारांनी काढला. थांबल्याने आपला माल मुरत नाही, सडतो. आणि सावकार-बँकेचे व्याज मात्र पिंपातल्या रमसारखे मुरत राहते. तारण योजना आहे, पण ती सहा महिन्यांची. सात वर्षांचे भांडवल कुणाकडे असते याचे उत्तर लोअर परळला मिळते. मामा ज्या भागात कामाला जात, तिथल्या कमला मिल, तोडी मिलच्या आवारांत आता पब आणि खाणावळी आहेत. फिनिक्स मिलचा मॉल झाला. आपल्या कापसाच्या गाठी जिथे उतरत तिथे आता एका पेल्याला जे पैसे मोजतात, त्यात आपल्याकडे मजुराची एक दिवसाची वेचणी निघते. मी हे रागाने लिहीत नाही. गिरण्या बुडाल्या त्याची कारणे अनेक आहेत आणि मामा त्यावर आणखी एक रात्र बोलतील.

मुंबईत आणि दारूबंदीत एक जुने नाते आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा १९४९ साली केला आणि १९५० पासून सगळे राज्य कोरडे जाहीर झाले. तो कायदा आजही रद्द झालेला नाही. परवान्याच्या खिडकीतून सगळे चालते. म्हणून परळ-दादरच्या प्रत्येक बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन रुपये. पिणाऱ्यांपैकी किती जण तो घेतात ते विचारू नका.

बंदीच्या त्या वर्षांत गिरगाव-धोबीतलावच्या बोळांत ‘आंटी’च्या घरी दारू मिळे. काळा गूळ, नवसागर आणि हातभट्टी. म्हणजे बंदी झाली ती दारूची, पण धाड पडली की संशय गुळावर. त्याआधी इंग्रजांनी १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर कायदा आणला. झाडावरून पडलेले फूल गोळा करून ठेवणे हा गुन्हा. आणि स्वातंत्र्यानंतर, १९६१ पासून १९९३ पर्यंत, मळीचा भाव आणि वाटप सरकारच्या हुकमाने. बाजारात मागणी असलेली वस्तू कारखान्यांनी ठरल्या भावात द्यायची आणि पलीकडे दारूचे कारखानदार तिचे सोने करणार. ऊसकरी शेतकऱ्याच्या घामावर दारूवाल्याला सबसिडी होती ही, दुसरे काय? गूळ, मोह, मळी. कच्चा माल पिकवणारा वा वेचणारा नेहमी कायद्याच्या कचाट्यात, आणि बाटलीवाला परवान्याच्या सावलीत.

आजचा हिशोब मी मामांच्या कॅलेंडरच्या मागे मांडला. एक टन उसाची ४२ किलो मळी. तिचा शुद्ध मद्यार्क दहा लिटर. ४२.८ टक्क्यांची रम केली तर २३ लिटर, म्हणजे सव्वाशेवर क्वार्टर. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने कर वाढवला तेव्हा विदेशी मद्याच्या १८० मिलिची किमान किंमत २०५ रुपये ठरली. म्हणजे एका टनाच्या नुसत्या मळीतून पंचवीस हजारांच्या वर माल दुकानात विकला जातो. आणि त्या अख्ख्या टनाचा, साखर-बगॅस-मळी सगळे धरून, २०२५-२६ चा रास्त आणि किफायतशीर भाव ३,५५० रुपये, तोही सव्वादहा टक्के उताऱ्याला. मधल्या पैशातला मोठा वाटा सरकारचा कर, हे मान्य. रंगराजन समितीने २०१२ साली सांगितले की साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचे ७० टक्के शेतकऱ्याला द्या. पण तिथे मळी मोजली जाते मळीच्या भावाने. पुढे तिची रम झाली की शेतकऱ्याचा संबंध संपला.

तुम्ही म्हणाल, हा ऊसवाल्यांचा प्रश्न. त्यांच्याकडे पाणी आहे, कारखाने आहेत, आमदार आहेत. आपला काय संबंध?

सांगतो. त्याच जूनच्या निर्णयात सरकारने दारूचा एक नवा वर्ग काढला: महाराष्ट्र मेड लिकर. ती धान्यापासून करायची, फक्त महाराष्ट्रातल्या उत्पादकांनी, १८० मिलिची किमान किंमत १४८ रुपये. एक क्विंटल ज्वारीतून साधारण ३८ ते ४० लिटर शुद्ध मद्यार्क निघतो. साधारण त्याच कसाची दारू धरली तर ५०० क्वार्टर. म्हणजे ७४,००० रुपये. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव आहे ३,६९९ रुपये, मालदांडीचा ३,७४९. आणि परतीच्या पावसात काळी पडलेली खरीप ज्वारी तुम्ही कितीला विकता ते तुम्हीच आठवा.

पण थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका. हे नाटक आपण एकदा पाहिले आहे. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करण्याला प्रोत्साहन द्यायचे ठरवले. काय सांगितले होते? काळ्या ज्वारीला भाव मिळेल. अनुदान कुणाला? कारखान्याला. परवाने कुणाकुणाच्या नातेवाईकांना गेले ते त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आले. डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोळकर यांच्यासारख्या माणसांनी विरोध केला. धान्य खायचे की प्यायचे, असा त्यांचा सवाल होता. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, गडचिरोलीची दारूबंदी १९९३ सालची आणि तिच्यामागे लोकांची चळवळ होती हेही खरे. पण तेव्हाही एक गोष्ट कुणी विचारली नाही आणि आजही विचारत नाही: त्या कारखान्यात ज्वारी जाते का? मद्यार्काच्या मनोऱ्याला धान्य म्हणजे फक्त स्टार्च. तुकडा तांदूळ स्वस्त मिळाला तर तांदूळ, मका स्वस्त मिळाला तर मका. ज्वारीचा पाडाव तर आधीच झाला आहे. विदर्भातली खरीप ज्वारी सोयाबीनने हुसकावली, आणि जी उरली तिच्यावर बुरशी. (त्या बुरशीचे विष दारूत उतरत नाही, पण चोथ्यात राहते आणि तो चोथा गुरांच्या खाद्यात जातो. याचीही तपासणी कोण करतो?)

परळच्या एका दुकानात मी धान्याच्या दारूची बाटली मागून लेबल वाचले. धान्य एवढेच लिहिलेले. कोणते, ते नाही.

आता चीनकडे पाहा. क्वेचौ प्रांतात माओताई नावाचे गाव आहे. तिथली दारू ज्वारीची, लाल, बारीक दाण्याच्या, टॅनिन असलेल्या ज्वारीची. गव्हाच्या आंबवणासह वर्षभर प्रक्रिया चालते: नऊ वेळा वाफवणे, आठ वेळा आंबवणे, सात वेळा दारू काढणे. मग मातीच्या रांजणांत वर्षानुवर्षे मुरवतात. दाणा शिजल्यापासून बाटली बाजारात यायला पाच वर्षे लागतात. एका बाटलीचा अधिकृत भाव २०२५ साली १,४९९ युआन होता, आपले पंधरा हजारांच्या वर. ती कंपनी चीनच्या शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत गणली जाते. आणि तिला कुठलीही ज्वारी चालत नाही. त्या भागात पिकणारे ठरावीक वाणच लागते. म्हणून तिथल्या शेतकऱ्याशी तिला बोलावे लागते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक नाव मिळाले, ते काजूचे आणि गोव्याचे नाव होते. तिथे काजूच्या जागी मका घालता येत नाही.

हाच फरक आहे चव असलेल्या दारूत आणि नुसत्या मद्यार्कात. ज्या बाटलीत पिकाची चव उरते, तिथे पिकवणाऱ्याचे थोडे तरी नाव उरते. ज्यात चव धुऊन काढली, तिथे आपण फक्त स्टार्चचे पुरवठादार. मामांच्या सोनेरी रममध्ये मला गूळ लागला, म्हणून मी कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडायला बसलो.

मी स्वतः कृषी पदवीधर असूनही हे उशिरा शिकलो. विद्यापीठात आम्हाला ज्वारीचे एकरी उत्पादन शिकवले, कडबा शिकवला, खोडमाशी शिकवली. ज्वारीची चव हा विषय नव्हता. संकरित ज्वारी आली तेव्हा बाया म्हणाल्या, भाकरी गोड लागत नाही. आम्ही त्यांना अडाणी ठरवले.

गावात कारखाना काढा, सगळ्यांनी प्या, असे मी म्हणत नाही. वर्धा, गडचिरोलीच्या भावांनी आपले ठरवावे. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, त्यात तिथल्या बायांनी काय सोसले ते त्यांनीच सांगावे. मी फक्त एवढे म्हणतो की सरकारने धान्याची दारू काढायचे ठरवलेच आहे, आपल्याला विचारून नव्हे. तेव्हा जिल्हा बैठकीत मी तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहे. बाटलीवर धान्याचे नाव आणि त्याचे प्रमाण छापले पाहिजे. या वर्गाला जी करात सवलत आहे ती ज्वारी हमीभावाने घेतल्याच्या पावत्या दाखवणाऱ्यालाच मिळाली पाहिजे. आणि चोथ्याची विषतपासणी सक्तीची. बायांनी यात चौथी गोष्ट घालायची तर जरूर घालावी; गेल्या खेपेला त्यांनी घातलेली अट आम्ही टिपणात लिहायची विसरलो होतो, तसे या वेळी होणार नाही.

मामा आमच्याकडे संक्रांतीला येणार आहेत. बाटलीत अजून चार बोटे रम उरली आहे म्हणे. मी त्यांना सांगितले आहे, ती तिकडेच राहू द्या, येताना लालबागच्या गल्लीतला चिवडा आणा. इकडे हुरडा तयार असेल.